गोल टोकाची किल्ली

कुलूप कितीही हट्टी असो, किल्लीकाका दाराला कान लावायचे, "नखरे पुरे झाले आता," असं त्याला दटावायचे, आणि ते उघडायचं. शेजारपाजारची सगळी दारं त्यांच्या मुठीत होती. जीभ मात्र त्यांच्या ताब्यात नव्हती.

त्या जिभेनंच घात केला. एकुलत्या एका मुलाला दुकानात बसायचं नव्हतं, जहाजावर जायचं होतं. शब्दानं शब्द वाढला आणि काका बोलून गेले, "जा! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." मुलगाही बापाचाच. गेला तो गेला. काकांचा राग तेवढ्यानं शमला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराच्या दाराचं कुलूपच बदललं. "जुनं झिजलं होतं," असं काकूला सांगितलं. कुलपातलं तिला काय कळणार? तिनं मान डोलावली.

आठवडाभरात राग ओसरला, कुलूप मात्र तसंच राहिलं. जुनं परत बसवायचं तर बायकोला खरं सांगणं आलं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली.

दर वर्षी नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की काकू टेबलावर चार मेणबत्त्या मांडायची आणि दर रविवारी आधीपेक्षा एक जास्त पेटवायची. प्रभू येईल तेव्हा घर जागं हवं, असं ती म्हणायची. ती प्रभूची वाट बघते की पोराची, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. दोघांची वाट बघायची खिडकी एकच होती.

यंदाच्या दुसऱ्या रविवारी दोघं चर्चला गेली. पाद्रीसाहेब जागं राहण्याविषयी कळकळीनं बोलत होते आणि काकांना नेमकी तेव्हाच डुलकी लागली. काकूनं कोपरानं ढोसलं. त्यावरून परतीच्या वाटेवर ती हसतही होती.

घरी आल्यावर किल्ली कुलपात जाईना.

"पोरांनी काडी घातली असणार," काका पुटपुटले. खिशातला चिमटा काढून त्यांनी आतला तुकडा अलगद ओढला. तो पितळेचा होता. तुटलेल्या किल्लीचं टोक, आणि तेही गोल घासलेलं. शाळेत असताना किल्लीच्या टोकानं मुलाचे खिसे फाटायचे, म्हणून काकांनीच ते कानशीनं गोल केलं होतं. असं टोक दुसऱ्या कुठल्याच किल्लीला नव्हतं.

काका चप्पल सुटली तरी धावले. गल्ली संपली, पुढे बसथांबा होता, तोही रिकामा होता. परत येताना त्यांना सगळं दिसत होतं. आधी त्याला वाटलं असेल, कुलूप अडलंय. म्हणून त्यानं जोर लावला असेल. पण कुलपं करणाऱ्याच्या घरात तो वाढला होता. किल्ली तुटल्यावर त्याला उमगलं असणार की कुलूप अडलेलं नाही, बदललेलं आहे.

काकू पायरीवर बसली होती. काकांच्या हातून पडलेला तो तुकडा तिच्या तळहातावर होता.

"झिजलं होतं ना जुनं?" तिनं विचारलं.

"नव्हतं झिजलं," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या दुपारी त्यांनी जुनं कुलूप शोधलं, तेल घातलं आणि दाराला बसवलं. मेणबत्त्या मात्र तिनं पेटवल्या नाहीत.

पुढच्या रविवारी चर्चची घंटा झाली तरी काकू जागची हलली नाही.

"तुम्ही जा. माझ्याही वाटणीचं मागून या," ती म्हणाली. "घरात कुणीतरी असायला हवं."

"अगं, जुनंच बसवलंय आता. आपण नसलो तरी त्याची किल्ली चालेल."

काकूनं मूठ उघडून तो तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"त्याच्याकडे किल्ली राहिलीय कुठं?"