शंभर टक्क्यांच्या आड

माझी मुलगी आठवीपर्यंत बरी होती. असं मी नाही, तिचं प्रगतीपुस्तक म्हणायचं. 'गटकार्यात उत्साहाने भाग घेते', 'परिसराची माहिती सांगते', 'प्रगती समाधानकारक', आणि खाली श्रेणी ब-दोन. पालकसभेत बाई हसून पुस्तक पुढे करायच्या, मी सही करायचे आणि पिंपळगाव राजाच्या आमच्या गल्लीत ताठ मानेने परतायचे. पोरीला साधा भागाकार येत नाही, हे मला एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या बाईने ते कुठून ओळखायचं?

नववीत श्रेण्या संपल्या, आकडे सुरू झाले आणि ती गणितात आपटली. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं, पंखा माझ्याकडे वळवला. एवढं अगत्य पाहूनच मला शंका आली.

"ताई, पोरगी गुणी आहे. वर ढकलतो तिला. पण दाखला काढून घ्या आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून परीक्षा देता येते."

"घरीच बसवाची होती तं शाळेत काऊन टाकली असती, सर?"

"तसं नाही हो. आपला दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के असतो. तुम्हीच विचार करा."

केला विचार. पाचवीपासून ज्यांनी तिला शिकवलं नाही, त्यांनाच आता ती नको होती. बाहेरून बसली की तिचं नापास होणं त्यांच्या निकालात धरलं जाणार नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा! "दाखला मी नाही काढत," म्हणाले आणि उठले. घरी नवरा म्हणाला, "कायले नादी लागतं त्याईच्या?" त्यालाही गप्प केलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

दहावीचं वर्षभर ती शेवटच्या बाकावर बसली. तिला कुणी प्रश्न विचारला नाही, तिची वही तपासली नाही. मी शिकवणी लावली, खामगावहून गाइड आणलं. पोरगी पहाटे उठून गणितं करायची, चुकली की खोडायची, पुन्हा करायची. निकाल लागला तेव्हा अख्खा वर्ग पास झाला आणि ती एकटी गणितात राहिली.

बसस्टँडवर दरवर्षी शाळेचा फ्लेक्स लागतो, यंदा लागला नाही. का लागला नाही, ते सरांनी वर्गातल्या पोरांना सांगितलं, पोरांनी घरोघर पोचवलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायाही विचारू लागल्या, "तुमच्याच पोरीनं हुकवलं म्हने शाळेचं शंभर टक्के?" नापास झालेल्या पोरीचं कुणाला काही नव्हतं. सुतक होतं ते शाळेच्या निकालाचं. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

पुरवणी परीक्षेत विषय निघून जाईल, असं मी तिला समजावत होते. मध्येच मुख्याध्यापकांना पोटभर शिव्याही दिल्या. ती हुक लावायला घेतलेला ब्लाउज मांडीवर ठेवून नुसती बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तवाच दाखला काऊन नाही काढला व तू? सर तं बराबर सांगून राह्यले होते."