जमीन हललीच नव्हती

"आजी, जमीन हललीच नव्हती," कणकवलीचे कानाचे डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कानातले खडे हललेत."

दुखण्याचं नाव बीपीपीव्ही. कानाच्या आत बारीक खडे असतात. त्यांनी जागा सोडली की मान वळवताना सगळं गरगरतं. जिवाला धोका नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण आला तो संताप. तीन महिने हे कुणालाच कळू नये?

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी मी कुशीवर वळले आणि खोली हलली. भूकंप, एवढंच डोक्यात आलं. पाळण्यातली नात उचलून अंगणात धावले आणि पायरीवर आपटले. तिच्या हनुवटीला दोन टाके पडले. मालवणात मात्र कुणाच्या घरातलं भांडंही वाजलं नव्हतं.

तेव्हापासून सून सुचिता बँकेत जाताना मुलीला आपल्या माहेरी सोडू लागली. शेजारीण गावभर सांगत सुटली, "म्हातारेक कोयनेचां भूत लागलां." जवळच्या डॉक्टरांनी न तपासताच झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांना मी माफ केलेलं नाही.

माझं माहेर कोयनानगर. सदुसष्ट सालच्या भूकंपाच्या पहाटे मी सात वर्षांची होते, तापाने फणफणलेली. खाट हलली तेव्हा वाटलं, हुडहुडी भरली. गोधडी डोक्यावर ओढली, कुणाला हाक मारली नाही. दगडमातीची भिंत धाकट्या भावावर कोसळली. गावातली किती घरं बसली, पण मला ती एकच भिंत आठवते. पुढे किल्लारीचे, भूजचे ढिगारे टीव्हीवर दिसले की मी उठून जायचे. मी भित्री नाही. एकदा उशीर केला होता, पुन्हा करायचा नव्हता.

डॉक्टरांनी मला टेबलावर आडवं करून मान खाली लोंबती ठेवली आणि डोकं हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे वळवलं. पाचच मिनिटं, पण जीव नकोसा झाला. आठवड्याने पुन्हा तेच केलं, मग गरगर थांबली. तुम्हाला असं झालं तर आधी कान तपासून घ्या, शेजारणीचं मत नंतर.

हे पुन्हा उलटू शकतं, असंही डॉक्टर म्हणाले. सुचिताने ते ऐकलं. नात आता काही मिळत नाही, असं मी धरून चालले.

सोमवारी तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर काचेचा पेला पाण्याने भरून ठेवला.

"गरगराक लागलां तर आधी ह्या पाण्याकडे बघा. पाणी हाललां तर हिका घेवन भायर पळा. नाय हाललां तर थयंच गप बसा."

तिच्यावरचा राग बराचसा अजून आहे. पण हिला घेऊन पळा, असं मला सांगणारी ती पहिलीच.