ठिपक्यांचा पंचनामा

जंगलाचा गार्डसाहेबांएवढा जाणकार आणि जंगलाशी त्यांच्याएवढी ताटातूट झालेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. परभणी जिल्ह्यात जंगल शोधणं म्हणजे टकलावर भांग पाडणं. आमच्या शेजारच्या गार्डसाहेबांनी वनखात्यात अख्खी नोकरी तेवढंच केलं. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी नागपूरला दिली. पण खिशातली टेप काही सुटली नाही. लग्नाला गेले तरी आधी मांडवाच्या खांबाला टेप लावणार आणि वधूपित्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणणार, "सागवान म्हणून दिलंय व्हय? निलगिरी हाय ही." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मी त्यांच्या लेखी 'शेवग्याचे गुरुजी'. आमचा शेवगा वादळात पडला, तर सुतकाच्या घरी नेतात तसं स्वतःच्या हातचं पिठलं-भाकरी घेऊन आले आणि तासभर बसून राहिले. पिठलं खारट होतं. मी सगळं खाल्लं.

अशा माणसाला एक दिवस फोनवर पत्र आलं. त्यांच्या जुन्या साहेबांनीच ते पुढे धाडलं होतं. कुठल्याशा परदेशी संस्थेनं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून साऱ्या जगातल्या जंगलांचा नकाशा केला होता आणि त्यातल्या चुका दाखवायला ठिकठिकाणच्या जाणकारांना बोलावलं होतं. घरी बसून संगणकावर नेमून दिलेला एकेक ठिपका बघायचा आणि 'जंगल आहे' किंवा 'जंगल नाही' एवढंच दाबायचं. गार्डसाहेबांनी त्या पत्राची छापील प्रत काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवली. "बोलावणं हाय, गुरुजी. सहकुटुंब लिवलं न्हाई, ते बरंच केलं," म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

मुलानं नवा घेतल्यावर मला दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही नकाशा उघडला. गंगाखेडकडचा ऊस त्यात गर्द जंगल म्हणून हिरवागार रंगवलेला! आणि पिंगळीच्या पुढच्या माळावर, जिथं गार्डसाहेबांनी आणि त्यांच्या बायकोनं तीन उन्हाळे घागरींनी पाणी वाहून कडुनिंब आणि शिसवीची राई जगवली होती, तिथं नुसता तपकिरी रंग. गार्डसाहेब चष्मा पुसून पुसून बघत राहिले. "जगाच्या नकाशात आमचं एवढं रान लागलं पायजे, गुरुजी. बाकी मला काई नको."

आता खरं तर काम बोटाचं होतं. पण खात्यात मुरलेला माणूस! "समक्ष पाहिल्याबिगर सही न्हाई," म्हणून प्रत्येक ठिपक्याचा त्यांनी रीतसर पंचनामा सुरू केला. एसटीनं जायचं, एक पंच मी, दुसरा जागेवर सापडेल तो. गंगाखेडजवळ एका उसाच्या फडात हे टेप घेऊन शिरले तेव्हा शेतकरी पळतच आला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, ऊसच हाय हो! जंगल न्हाई. सातबारा आनू का?" जमीन वनखात्यात जाते की काय, या धास्तीनं त्यानं आम्हाला दोन-दोन कप चहा पाजला. पोखर्णीच्या वाटेवर तर एका आमराईचा पंचनामा अख्खा दिवस चालला. घरी परतायची त्यांना कधीच घाई नसे. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

राईचा ठिपका त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. गेलो तेव्हा झाडं उभी होती, पण एक कड रस्त्यात गेली होती. पत्रातला नियम असा, की झाडोरा निदान सव्वा एकराचा हवा. त्यांनी दोनदा मोजलं. चार गुंठे कमी भरत होतं. शेळ्या राखणारी एक म्हातारी आमची दुसरी पंच. ती म्हणाली, "लिवा की बाबा, जंगल हाय म्हनून. कोन बघायलंय?"

"मी बघायलोय की, माय," ते म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, 'जंगल नाही.' म्हातारीनं अंगठा दिला. मी सही केली. येताना एसटीत त्यांनी खिडकीबाहेरच्या एकाही झाडाचं नाव सांगितलं नाही.

पुढे मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. दुरुस्त नकाशा आला, तेव्हा गंगाखेडचा ऊस हिरव्यातून गेला होता. जन्मभर जिल्ह्यात झाडं वाढवू पाहणाऱ्या माणसानं जिल्हा आणखीच बोडका करून ठेवला. मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा अभिमानही वाटला. नकाशाचा परवलीचा शब्द माझ्याकडेच होता. दुरुस्त्यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी राईचा ठिपका उघडून बसलोही होतो. पण पंचनाम्यावर माझी सही होती.

रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येतीचं दोन वाक्यांत आटोपतं. मग ते विचारतात, "झाडं दिसायलीत का, गुरुजी?" मी लॅपटॉपवर तो माळ मोठा करत नेतो. उपग्रहाचं चित्र दोन वर्षांपूर्वीचं आहे हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे.

"दिसायलीत," मी म्हणतो.

"बरं मग," ते म्हणतात, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ फोन ठेवत नाही.