फुगलेली बॅटरी

हा लॅपटॉप आता बारा सेकंदांत सुरू होतो. पूर्वी बटण दाबून चहा टाकायचा, तो उकळून गाळून झाला तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. आता बारा सेकंद. मी ते घड्याळ लावून मोजले होते आणि चारचौघांत फुशारकी मारत सांगितलेही होते. हल्ली मात्र तो सुरू होत असताना मी त्याच्याकडे बघत नाही. खिडकीतून बघावं तर खाली सायकलींच्या शेडपलीकडे कचरा ठेवायचा कोपरा दिसतो, म्हणून तिकडेही बघत नाही.

लॅपटॉप पुण्याहून आणलेला, नऊ वर्षांचा. तोक्योत ओजिमाला आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो बायकोकडे आहे. रविवारी सकाळी ती इथल्या मराठी मुलांना त्यावर ऑनलाइन मराठी शिकवते. बाराखडी ऐन रंगात आली की पडदा गोठायचा, आणि आठ-दहा पोरं तोंडाचा आ करून तशीच थिजायची. "नवीन घेऊ या आता," बायको म्हणाली. मी म्हटलं, छे, रॅम वाढवू, आतली जुनी डिस्क काढून एसएसडी टाकू, थोडक्यात काम होईल.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," ती म्हणाली.

झालं. आता हे करून दाखवणं भागच होतं. मी आयटीतला माणूस, पण दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरची उठाबस करतो. स्क्रू ड्रायव्हर हातात धरून कैक वर्षं झाली होती. शनिवारी अकिहाबाराला, इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. एका जुन्या सामानाच्या दुकानात 'जंक' असं लिहिलेल्या निळ्या क्रेटमध्ये तासभर हात घालून माझ्या मॉडेलला चालणारी रॅम शोधून काढली. चालली तर चालली, परत घेणार नाही, या बोलीवर. एसएसडी नवी घेतली, पण सेलमधली. घरी येऊन मागचं झाकण उघडलं तर आत बॅटरी टम्म फुगलेली, तळणीतल्या पुरीसारखी. टचपॅड इतके दिवस का दबत नव्हता ते तेव्हा कळलं. बॅटरीही मागवली, ती ठरलेल्या खर्चात बसली नाही, आणि ते मी बायकोला सांगितलं नाही. पण लॅपटॉप बारा सेकंदांत सुरू झाला. "बरं बाबा, हरले मी," ती म्हणाली. मी आठवडाभर हवेत होतो.

राहिली जुनी फुगलेली बॅटरी. ती गॅलरीत एका स्टीलच्या ताटलीत ठेवली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं किती लाजिरवाणं आहे ते कळेल. आमच्या इमारतीत भारतीय घरं बरीच आहेत, मराठी मात्र आमचं एकच. मला जपानी बऱ्यापैकी येतं. त्यामुळे रहिवासी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काइचो-सान म्हणतात, ते पंचाहत्तरीचे गृहस्थ भारतीयांसंबंधी काहीही असलं की माझ्याकडे येत. कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा याचा हिंदी-इंग्रजी तक्ता मीच केला होता. नवं कुटुंब आलं की त्यांना खालच्या कोपऱ्यात नेऊन, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून लावलेली जाळी उचलून दाखवत, मीच तासभर शिकवणी घ्यायचो. तक्त्यात लाल अक्षरांत एक ओळ होती: बॅटरी कधीही, कुठल्याही कचऱ्यात टाकू नये. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बॅटरी घेऊन मी आधी स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो होतो, नाही असं नाही. तिथे बॅटऱ्या गोळा करायचा डबा असतो. काउंटरवरच्या मुलीनं फुगवटा बघितला, दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले आणि चारदा माफी मागून सांगितलं की फुगलेली घेता येत नाही, वॉर्ड ऑफिसला फोन करा. तिनं कागदाच्या चिठ्ठीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात नंबरही लिहून दिला. मी चिठ्ठी पाकिटात ठेवली.

फोन दहा मिनिटांचा होता. पण सरकारी माणसाशी फोनवरचं ते अदबीचं जपानी बोलायचं, मॉडेल सांगायचं, ते कधी बोलावतील त्या दिवशी सुट्टी काढून जायचं, याचा मला कंटाळा आला. पुण्यात असतो तर भंगारवाल्याला दिली असती, वर त्यानं चार पैसे दिले असते, हा विचार मनात होताच. आठ दिवस गेले. मग एका मंगळवारी सकाळी, जाळायचा कचरा नेतात त्या दिवशी, मी ती बॅटरी वर्तमानपत्रात गुंडाळली. आई पुण्याहून पार्सल पाठवते तेव्हा भाजणीच्या पिशवीभोवती जे वर्तमानपत्र असतं, त्यातलंच पान. इथल्या कचऱ्याच्या पिशव्यांतून आतलं दिसतं, म्हणून ते पुडकं कोबीच्या पाल्यात आणि भाताच्या शितांत खोल दडवलं. एवढ्याशा बॅटरीनं काय होतंय, असं म्हणत पिशवी जाळीखाली सरकवली आणि ऑफिसला गेलो.

मी ट्रेनमध्ये असतानाच बायकोनं फोटो पाठवला. आमच्याच कोपऱ्यासमोर कचऱ्याची गाडी, मागून काळा धूर, आणि रस्त्यावर ओतलेला सगळा कचरा. खाली तिनं लिहिलं होतं, 'आपलं तर काही नव्हतं ना रे?' मी लिहिलं, 'छे.'

गाडीत कचरा दाबतात, त्या दाबानं बॅटरी फुटली होती. कामगारांनी सगळं रस्त्यावर ओतून आग विझवली. एकाच्या मनगटाला चटका बसला. हे मला शनिवारी काइचो-साननी सांगितलं, आमच्या दारात उभं राहून. बायको भाजी आणायला गेली होती. त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत अर्धवट जळलेला कागद.

"बॅटरी याच्यात गुंडाळलेली होती," ते म्हणाले. "हे तुमच्याकडचं लिखाण आहे, एवढं मला कळतं. कुठल्या भाषेतलं, ते सांगाल?"

मी पिशवी हातात घेतली. जळक्या कडेच्या आत एक जाहिरात स्वच्छ वाचता येत होती. कोथरूड येथे प्रशस्त वन बीएचके, बाजारपेठ व शाळा जवळ. आईचं घर कोथरूडलाच आहे.

"चौथ्या मजल्यावर ते नवीन आलेत," काइचो-सान म्हणाले. "त्यांनी मागेही दोनदा चुकीच्या दिवशी कचरा ठेवला होता. हे हिंदी असावं का?"

जपानीत एक मोठी सोय आहे. खोटं बोलावं लागत नाही, 'असेलही' एवढं म्हटलं की भागतं. मी म्हटलं, "असेलही."

चौथ्या मजल्यावरचं ते कुटुंब लखनौहून आलेलं. नवराबायको दोघंच, येऊन दीड महिना झालेला. ती पाच महिन्यांची गरोदर. त्यांना पहिल्या दिवशी वॉर्ड ऑफिसात मीच नेलं होतं. काइचो-सान म्हणाले, आपण दोघं जाऊ, तुम्ही समजावून सांगा. मी मुकाट्यानं जिना चढलो. आताही बोलता आलं असतं. प्रत्येक मजल्यावर मी ठरवत होतो की पुढच्या मजल्यावर सांगू.

नवऱ्यानं दार उघडलं. मागे ती, ओढणीला हात पुसत. काइचो-सान शांतपणे बोलत होते, मी हिंदीत सांगत होतो. आग लागली, एकाला भाजलं, बॅटरी अशी टाकायची नसते. त्यांनी पिशवी पुढे केली. नवऱ्याचा चेहरा पडला. "भाईसाहब, हमने नहीं डाला," तो म्हणाला. "हमारे पास तो ऐसी कोई बैटरी ही नहीं है।"

तिनं पिशवी हातात घेतली होती. जळका कागद तिनं उजेडाकडे धरला, क्षणभर बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आणि नवऱ्याची बाही हलकेच ओढून म्हणाली, "जी, आगे से ध्यान रखेंगे।"

"काय म्हणाले?" काइचो-साननी विचारलं.

"चूक झाली म्हणतात. यापुढे काळजी घेतील," मी सांगितलं.

मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हात धजत नाही, पण वाटलं. बाई साधी आहे, वाद नको म्हणून मान्य केलं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मला विचारलं, भाईसाहब, यहाँ माफ़ी कैसे माँगते हैं? तर मी त्याला स्टेशनसमोरचं सेनबेईचं दुकान दाखवलं. तांदळाच्या त्या खारट चकत्यांचा कुठला डबा घ्यायचा, वर पांढरा कागद कसा लावून घ्यायचा, देताना दोन्ही हात आणि किती वाकायचं, सगळं सांगितलं. संध्याकाळी आमच्या खिडकीतून मला ती दोघं दिसली. कोपऱ्यावर काइचो-सान जाळी घडी करत होते. ती पोट सांभाळत, मी सांगितलं होतं तेवढी वाकली. मी पडदा ओढून घेतला. त्याच आठवड्यात तिनं आमच्याकडे गाजराचा हलवा आणून दिला, मी मदत केली म्हणून. बायकोनं तो आवडीनं खाल्ला. मी म्हटलं, पोट बरं नाही.

महिन्याभरानं तिची तपासणी होती. आधीच्या वेळी डॉक्टरांना काहीतरी शंका आली होती, म्हणून या वेळी दुभाषा म्हणून मी यावं असं त्या दोघांनी आर्जवानं सांगितलं. मी सुट्टी काढली. बॅटरीसाठी न काढलेली सुट्टी ही अशी काढली. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. नवरा फॉर्मवरचे रकाने बघत होता. ती माझ्या बाजूला होती, हातात नंबराचा कागद.

"भैया," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर जो बोलें, वही बताइएगा। जैसा का तैसा।"

मी म्हटलं, "हाँ, हाँ, बिल्कुल।"

"बुरा मत मानिएगा," ती म्हणाली. "कोथरूड मैंने उसी दिन पढ़ लिया था।"

मी मान वर केली नाही. माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की काइचो-सानना जे वाचता येत नाही ते तिला वाचता येतं. लिपी तिचीही तीच, आणि आईचं घर कोथरूडला आहे हे मीच तिला वॉर्ड ऑफिसच्या रांगेत कौतुकानं सांगितलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कसंबसं विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

"यहाँ हमारा और कौन है, भैया," ती म्हणाली. रागानं नाही, जे आहे ते सांगितल्यासारखं. "आपसे बिगड़ जाती तो आज मेरे साथ अंदर कौन आता?"

एवढ्यात नंबर पुकारला. डॉक्टर जे बोलले ते मी शब्दन् शब्द सांगितलं. 'बहुतेक' म्हणाले तिथे बहुतेक, 'तरीही' म्हणाले तिथे तरीही. बाळ ठीक होतं. सांगताना माझा आवाज इतका कापत होता की तिनं दोनदा विचारलं, सच में ठीक है ना?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी फोटो पाठवला तेव्हा विचारलं होतं ना रे तुला." तिनं हलव्याचा रिकामा डबा पुन्हा एकदा घासला, स्वच्छ होता तरी.

त्याच संध्याकाळी मी काइचो-सानची बेल वाजवली. सेनबेईचा डबा घेतला नव्हता, ते दुकान आता माझ्यासाठी बाटलं होतं. दारातच उभं राहून सांगितलं की बॅटरी माझी, कागद माझ्या आईच्या पार्सलातला, आणि ती भाषा हिंदी नाही, मराठी आहे, हे मला बघताक्षणी कळलं होतं. मी वाकलो तो वर आलोच नाही. आता ते रागावतील, रागावलेले बरे, असं वाटत होतं.

ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी दारात ते गृहस्थ काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांगा."

महिन्याभरानं मी ते भाषांतर केलं. "ते म्हणाले होते, आम्ही नाही टाकलं."

काइचो-साननी मान हलवली. आत जाऊन कोट घालून आले, दारातल्या कट्ट्यावर बसून सावकाश बूट चढवले, आणि म्हणाले, "चला. माझं त्यांना सांगायला माणूस लागेल."

आम्ही पुन्हा चौथ्या मजल्यावर गेलो. तिनंच दार उघडलं, मागे नवरा आला. काइचो-सान त्यांच्यापुढे कमरेतून वाकले. मी तुमच्यावर संशय घेतला, शहानिशा न करता दुभाष्यावर विश्वास ठेवला, माझं चुकलं, असं ते म्हणाले. मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. ती दोघं एकदम गडबडली, नहीं नहीं, आप मत झुकिए, म्हणायला लागली, तेही मी जपानीत सांगितलं.

मग तिघंही थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. माझी माफी मला दोनदा मागावी लागली, एकदा हिंदीत आणि एकदा जपानीत.