वेटिंग हॉलमधला पियानो आणि उषाताई

उषाताई काल सकाळी गेल्या. त्यांचा पियानो मी बंद पाडला होता.

हे त्या असताना लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

मी अमरावतीतल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. उषाताई शाळेत संगीत शिकवायच्या, रिटायर झालेल्या. त्यांचे मिस्टर आमच्याकडे सतरा दिवस ॲडमिट होते. सतरा दिवस ही बाई माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून होती.

अठराव्या दिवशी बॉडी घेऊन गेली.

महिनाभराने परत आल्या. मला वाटलं, डेथ सर्टिफिकेटचं काम असेल.

"वैशाली, इथं एक पियानो ठेवायचा आहे."

मला हसू आलं.

"हसू नको. मी बसली होती ना इथं. माणूस नुसता त्या दाराकडे पाहत राहते. कानाले काहीच नसते. वेड लागते."

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी परवानगी काढली. पियानो अकोल्याच्या एका बंद पडलेल्या शाळेतून मॅटॅडोरमध्ये आला. आत उंदरांनी घर केलेलं. अकोल्याचे नजीरभाई, जन्मभर हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस, चार रविवार येऊन खपले तेव्हा कुठे तो बोलायला लागला.

"ताई, इसमें मींड नहीं आएगी," ते म्हणाले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पियानोला जमत नाही. रागदारीवाले म्हणूनच त्याला नाकं मुरडतात.

"नाही तर नाही. जेवढं येते तेवढं वाजवू."

रोज सकाळी ओपीडीच्या वेळी यायच्या. आधी तोडी, ऊन चढलं की सारंग. हळू. एकेक सूर ठेवल्यासारखा.

त्या गेल्या की पियानो उघडाच असायचा. वर पाटी: कोणीही वाजवा, हळू वाजवा.

सुरुवातीला कोणी मान वर करून पाहिलं नाही. मग एक दिवस बार्शीटाकळीकडची एक म्हातारी पियानोला पाठ टेकून खालीच बसली. नातवाचं ऑपरेशन चालू होतं.

"बाई, हे माह्या पाठीत वाजून राह्यलं," म्हणाली.

ऑपरेशन संपेपर्यंत उठली नाही. उषाताईंनी पण वाजवणं थांबवलं नाही.

मला मात्र त्रास व्हायचा. पेशंटची नावं ओरडून पुकारावी लागायची. संध्याकाळी घसा बसायचा. खरं सांगते, माझी तक्रार एवढीच होती.

मग मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार.

उषाताई घरी गेल्या होत्या. कॉलेजच्या तीन मुली पियानोवर सिनेमातलं गाणं वाजवत रील काढत होत्या. खिदळत होत्या. आतून तिवशाकडचा एक माणूस बाहेर आला. त्याची बायको नुकतीच बाळंतपणात गेली होती.

"माही बायको मेली, अन् तुमी बाजा वाजवून राह्यले?"

त्याने स्टूल उचललं आणि पट्ट्यांवर घातलं. दोनदा. तिसऱ्यांदा.

कोणी अडवलं नाही. मग तो तिथेच फरशीवर बसला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. नातेवाइकांच्या भावना दुखावतात, पियानो हलवण्यात यावा. पहिली सही माझी. बाकीच्या सह्या मीच फिरून घेतल्या.

पियानो मागच्या शेडमध्ये गेला. मोडक्या खाटांजवळ.

"कोणी सांगितलं हलवायला?" उषाताईंनी विचारलं.

"वरून ऑर्डर आली ताई."

त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाच्या घरी नेतं का मले?"

केसपेपरवर पत्ता होता, स्कूटीवर घेऊन गेले. घरात त्याच्या आईच्या मांडीवर बाळ झोपलेलं. उषाताई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"दादा, तो पियानो मी ठेवला होता. माफी मागायला आली."

तो उठून उंबऱ्यापाशी आला.

"त्या सकाळी तुमीच वाजवत होत्या काय?"

"हो."

"ती तुमच्यापाशीच बसली होती. सिस्टरनं आत बोलावलं, त मले म्हणे, थांबा जरासक, एवढं होऊ द्या. मीच म्हटलं, चाल लवकर. मीच उठवलं तिले."

त्याच्या आईने पाणी दिलं, ते उषाताईंच्या हातातच राहिलं.

परत येताना तिवसा मागे पडलं तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला बसून उलटी केली. मी पाठ चोळत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

पियानो परत ठेवा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पावसाळ्यात शेडचे पत्रे गळले. लाकूड फुगलं, तारा गंजल्या. नजीरभाई बघायला आले. झाकण उघडलं, रुमालाने पुसलं, परत लावलं.

"ताई को मत बताना," म्हणाले.

या महिन्यात उषाताई स्वतः ॲडमिट झाल्या. केसपेपर मीच काढला. तीन दिवस वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी आत गेले.

"ताई, वरून ऑर्डर नव्हती आली. अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे. साहेबांनी तेव्हाच दाखवला."

"मग बोलल्या काहून नाही?"

श्वास लागत होता त्यांना. थांबून थांबून म्हणाल्या, "मले वाटलं, तू सांगशील. त्या दिवशी रस्त्यावर वाटलं होतं."

मग डोळे मिटले. माफ केलं, असं म्हणाल्या नाहीत. मलाही विचारवलं नाही.

काल स्मशानात त्यांच्या पुतण्याने विचारलं, "दोन शब्द कोणाला बोलायचे आहेत का?" नजीरभाई अकोल्याहून आले होते. पुढे झाले, पण रडूच आलं त्यांना. मी मागे उभी होते, आणि गप्प राहिले.

म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहिलं.

उषाताई, शेवटचा नमस्कार. मी चुकले.