थोरल्या मेहुणीचे लोकरी चौकोन

पौषातल्या पहाटेसुद्धा पंखा बंद करायचा की नाही यावर ज्या मालवणात नवरा-बायकोचे वाद होतात, त्या मालवणात बसून लोकरीच्या पांघरुणांची चळवळ उभी करील असं माणूस त्रिभुवनात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या बायकोची थोरली बहीण निघावं, याला मी पूर्वसंचित म्हणतो. लोकांच्या मेहुण्या सणावाराला येतात, दोन दिवस गोडधोड खातात आणि आपल्या घरी जातात. आमची आक्का येते ती लोकरीचे गुंडे घेऊन, आणि जाते ती माझी गाडी आणि गाडीबरोबर मला घेऊन. निवृत्तीनंतर मी वर्तमानपत्र वाचत पडवीत बसणार होतो. त्याऐवजी आज तळेरे, उद्या शिरोडा असा भटकतो आहे, आणि मागच्या सीटवर पिशव्यांचा ढीग इतका उंच असतो की आरशात मला रस्ता दिसत नाही, लोकर दिसते.

आक्का टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. ट्रंककॉल बुक करून लोक तासन् तास वाट बघत, त्या काळातली. तिने लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "लाइन मिळूक नाय" असं स्वतःच सांगते आणि स्वतःच खदखदून हसते. हातात मोबाइल आला तरी आवाज अजून ट्रंककॉलचाच आहे. मालवणच्या मेढा भागातल्या आपल्या अंगणात उभी राहून ती शिरोड्याला फोन लावते, तेव्हा फोन नसता तरी चाललं असतं असं वाटतं. एके काळी जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या तोंडून "बोला, लाइन लागली" हे ऐकलेलं असल्यामुळे तिला कुणी नाही म्हणत नाही. कुणी म्हणालंच, तर ते तिला ऐकू येत नाही.

हे सगळं सुरू झालं तिच्या ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीमुळे. मैत्रिणीच्या मूत्रपिंडांनी काम करायचं सोडलं आणि तिला डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागू लागलं. आक्का सोबतीला. बाहेर अंगाची काहिली, आणि आत यंत्रांसाठी एसी लावलेला. त्यात अंगातलं रक्त बाहेर फिरून परत आत येतं, तासन् तास हलायचं नाही. मैत्रीण कुडकुडायला लागली. आक्काने आपली क्रोशाची शाल तिच्या अंगावर घातली. पलीकडच्या खाटेवर आतल्या गावातली एक म्हातारी होती, भातशेती आणि काजूच्या बागेतली. तिने त्या शालीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय गे, असला आणखी एक आसा?"

आक्काने खोलीभर नजर फिरवली. प्रत्येक खाटेवर कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं. "आसा," ती म्हणाली. नव्हतं. आक्का आयुष्यात एवढंच एक खोटं बोलली असेल, आणि ते खरं करण्यासाठी ती त्या दिवसापासून धावते आहे.

एकटीने किती विणणार? तेव्हा तिने युक्ती काढली. "अख्खा पांघरूण इणूक माणूस कंटाळता," ती मला म्हणाली, "पण एक चौकोन इणूक कोण कंटाळतलो?" प्रत्येकाने एकच चौकोन विणायचा, दोन सुयांवर किंवा क्रोशाने, जसा येईल तसा. तिने मोबाइलवर फर्मान सोडलं: एक वीत लांब, एक वीत रुंद. आणि चौकोन येऊ लागले! आंब्याच्या पेट्यांतून आले, एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटखालून आले, लग्नाच्या आहेराबरोबर आले. मात्र वीत कुणाची, हे आक्काने सांगितलं नव्हतं. शाळकरी मुलीच्या वितीचा चौकोन रुमालाएवढा, आणि तिच्या आजोबांच्या वितीचा जवळजवळ पाटाएवढा. त्यांची जुळणी करताना माझ्या बायकोला रडू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून आक्काच्या पर्समध्ये न्हाणीघराच्या कामातून उरलेली एक फरशी आली. हेच माप. भर लग्नमांडवात, नवरानवरी अक्षतांची वाट बघत उभी असताना, आक्काला पर्समधून फरशी काढून नवऱ्या मुलीच्या आत्याचा चौकोन तिच्यावर ठेवून बघताना मी पाहिलं आहे. "अर्धा बोट कमी," आक्काने निकाल दिला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

चौकोनांना वासही असतात. बंदरावरून आलेल्यांना सुक्या बांगड्यांचा, आतल्या गावच्यांना काजूच्या धुराचा. आक्का सगळे धुऊन अंगणात दोरीवर टाकते. एकदा धुऊनही बांगडा हटला नाही. ते पांघरूण देताना ती अगदी ओशाळली, तर घेणारा म्हातारा नाकाला लावून म्हणाला, "ऱ्हवां दे गो. हय पडान घरची याद येता."

विणकामाच्या बाबतीत ती कमालीची निर्दय. टाके सैल असले तर देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उसवते. मी मोठ्या हौसेने विणलेला पहिला चौकोन तिने उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्या त्रिकोणाचा काय करू, भावोजी?" पण शिरोड्याच्या एका बाईंचे हात कापतात, त्यांचे चौकोन चारी बाजूंनी वेडेवाकडे येतात, ते ती कधी उसवत नाही. सरळ पांघरुणाच्या मधोमध लावते. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "भोवतीचे चांगले आसत, ते धरतत तेका."

आता चाचांची गोष्ट सांगायलाच हवी.

चाचांचा बंदरावर बर्फाचा कारखाना. मासेमारीच्या लाँचेस त्यांच्या बर्फावर चालायच्या. ट्रंककॉलच्या काळात एकदा यंत्र बंद पडलं, बर्फ पाणी व्हायला लागला, आणि मेकॅनिकसाठी मुंबईची लाइन लागेना. चाचा फोनवर ओरडले, "बाई, झोपलास काय?" आक्काने तार काढून ठेवली आणि त्या दिवशी ती काही परत लावली नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. बाजारात समोरासमोर आले तर मध्ये जो कुणी उभा असेल त्याच्यामार्फत बोलत. कुणीच नसलं तर मासेवालीमार्फत.

आणि मग चाचांना डायलिसिस लागलं. काही महिने गेले, आणि एक दिवस त्यांच्या बायकोने, चाचीने, आक्काला बाजारात गाठलं.

"ते डायलिसिसाक जावक तयार नाय," चाची म्हणाली. "दोनदा चुकवल्यानी. म्हणतत, गाडीत कंबर दुखता. कंबर-बिंबर काय नाय. थंय थंडी वाजता तेंका. जन्मभर बर्फात हात घातलेलो माणूस थरथरता म्हणान लोक हसतले, ह्या डोक्यात बसलाहा. डॉक्टर म्हणतत, असाच चलला तर पावसाळो काय काडूचे नाय."

आक्का घरी आली ती वादळासारखी. पायातल्या चपला न काढता तिने निरोप सोडला: आठवड्याच्या आत चौकोन होये, कोणासाठी ता इचारू नकात! आणि काय सांगू, चौकोनांचा पाऊस पडला. जन्मात सुई न धरलेली माणसं कामाला लागली. कोळणी माशांच्या टोपल्यांशेजारी बसून साखळ्या घालू लागल्या. एका म्हाताऱ्या तांडेलाने आयुष्यभर लाँच चालवलेली. त्याला लोकर जमेना, म्हणून त्याने जाळ्याच्या सुताचाच चौकोन विणला, गाठी मारमारून, दगडासारखा घट्ट. आमच्या पडवीत जोडणी चालू झाली. आक्का रंग जुळवून देई, बायको शिवी, आणि मला प्रथमच एक अख्खी ओळ जोडायची परवानगी मिळाली! इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हासुद्धा झाला नव्हता. निळा, आमसुली, पिवळाधमक, मध्येच कुणाच्या तरी जुन्या स्वेटरचा हिरवा. शेवटचा टाका पडला तेव्हा आम्ही तिघांनी ते अंगणात उलगडलं आणि शेजारपाजारचे जमून बघतच राहिले. "चला," आक्का म्हणाली. "आज तेंची पाळी आसा."

चाचा आपल्या घराच्या पडवीत आरामखुर्चीवर बसले होते. चेहरा सुजलेला, पावलं सुजलेली. आक्का पायरीवरच थांबली.

"भावोजी, तेंका सांगा, गाडी भायर उबी आसा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेबांनू, बाईंका सांगा, माजी कंबर दुखता."

"भावोजी, तेंका सांगा, थंय झोपानच ऱ्हवाचा आसा."

"साहेबांनू, बाईंका सांगा, दुसऱ्याच्या कंबरेत नाक घालू नकात."

मी मध्ये उभा, जुन्या एक्स्चेंजच्या बोर्डासारखा. आक्काने पुढे काही सांगायला लावलं नाही. पिशवीतून पांघरूण काढलं आणि चाचांच्या मांडीवर टाकलं.

 एकेका चौकोनावरून चाचांचा हात फिरत गेला. खालच्या कडेला आला, तिथे जाळ्याचं सूत लागलं आणि बोट थांबलं. त्यांनी ती गाठ चाचपली.

"ही गाठ त्या तांडेलाची," ते म्हणाले. मग मान वर करून थेट आक्काकडे पाहिलं. "तेका कोणी सांगल्यान?"

"कोणी सांगूक नाय. मी नाव घेवक नाय. पण बंदरार सगळेच खुळे नाय आसत."

"हसलो काय तो?"

"नाय," आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "माका इचारल्यान, पाय झाकतले मा? तोच म्हणालो, लांबी बरी ठेव, चाचा उंच आसत."

चाचांनी पांघरुणाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. दारामागे चाची उभी होती, तिने ओढणी तोंडावर घेतली.

"बाई," चाचा म्हणाले, "माका थंय खूप थंडी वाजता."

"माका ठावक आसा," आक्का म्हणाली. "उठा आता."

इतक्या वर्षांनी लाइन लागली होती, आणि मध्ये मी नव्हतो!

त्या दिवशीचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. चाचांनी गाडीत बसल्या बसल्याच पांघरूण अंगावर घेतलं आणि एसी बंद करायला लावला. भर चैत्र. चाची आणि आक्का मागे घामाने निथळताहेत, माझ्या हातातून स्टिअरिंग निसटतंय, आणि गळ्यापर्यंत लोकरीत गुंडाळलेले चाचा माझ्या शेजारी राजासारखे बसलेत. कसालच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा लोक वाकून वाकून बघू लागले. आक्काने काच खाली करून ट्रंककॉलचा आवाज लावला, "काय बगतास? थंडी आसा!" चाचा हसले. हसता हसता खोकले, आणि पुन्हा हसले.

त्यानंतर त्यांनी एकही पाळी चुकवली नाही. उलट बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात चौकोन गोळा करायची पेटी ठेवली आणि बर्फ न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दम देऊ लागले, "आदी चौकोन, मगे बर्फ!" डायलिसिसच्या खोलीत नवा रुग्ण आला की ते आपलं पांघरूण दाखवून कुठला चौकोन कुणाचा ते सांगत. घरी आले की आक्काला फोन करत. दोघं इतक्या मोठ्याने बोलत की आमच्या गल्लीला चाचांच्या तब्येतीची रोजची बातमी असे. नातीच्या लग्नात ते पहिल्या रांगेत बसले, बिर्याणीचा वास घेतला आणि पथ्य म्हणून एक घासच खाल्ला. "ह्यो एक घास तुमच्यामुळे, बाई," ते आक्काला म्हणाले. आक्काने त्यावर त्यांना पाणी कमी प्या म्हणून दटावलं.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. झोपेत, घरी, आपल्या खाटेवर.

काही दिवसांनी आक्काला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चाचीने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला, मग उठून पांघरूण आणलं. धुऊन, वाळवून, नीट घडी करून ठेवलेलं. ते तिने आक्कापुढे ठेवलं.

"दुसऱ्या कोणाक तरी द्या," ती म्हणाली. "थंय कोणतरी कुडकुडत असतला."

"दुसऱ्याक दुसरा करतंय," आक्का म्हणाली. "ह्या तुमचा."

चाची थोडा वेळ घडीवरून हात फिरवत राहिली. "खरा सांगू?" ती म्हणाली. "माका ता देवचा नाय होता. झोपताना मी ह्याच घेतंय अंगार. थंडी नाय वाजणत. तरी घेतंय."

  आक्का चटईवरून सरकून चाचीच्या शेजारी जाऊन बसली. चाचीने घडी उलगडली आणि दोघींच्या मांडीवर ते पांघरूण पसरलं. बाहेर ऊन नुसतं जळत होतं. दोघींच्या कपाळांवर घाम जमलेला मला दिसत होता. मी पंखा वाढवायला उठलो, तर चाचीने माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली, ऱ्हवां द्या. मी परत खाली बसलो.