ओहोळाच्या अलीकडं

"इथवरच," असं म्हणून मामा बुटाच्या टाचेनं मातीत वीतभर रेघ ओढायचे. चहाची टपरी असो की कुणाच्या लग्नाचा मांडव, थांबायची जागा ठरली की रेघ आलीच. सवय नोकरीची होती. आम्ही दोघं नाशिकला जमीन मोजणीच्या कचेरीत होतो. मी कारकून आणि ते चेनमन, म्हणजे साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून पुढं जाणारा माणूस. त्यांनी टाच दाबली की तिथं हद्दीचा दगड बसायचा. दोन्हीकडचे भाऊबंद हमरीतुमरीवर आले तरी मामांची टाच हलत नसे.

वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. कचेरीत साहेबांपासून सगळे त्यांना मामाच म्हणत. मला मात्र ते भाऊसाहेब म्हणायचे, मी कुणाचाही साहेब नसताना.

नव्वदनंतरच्या कुठल्या तरी वर्षी, पाऊस सरल्यावर त्यांनी आम्हां पाच कारकुनांना विचारलं, "धबधब्यावर मुक्कामाला येता का?" सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढं जीप, मग दोन तास जंगलातून पायवाट. तंबू नाही, कंदील नाही. प्रत्येकी एक घोंगडी, एक प्लास्टिकचा कागद आणि सगळ्यांत मिळून एक तवा, एक पातेलं. झोपायचं खडकाच्या कपारीत. आम्ही आयुष्यभर फायलींत वाढलेले लोक. पहिल्या वर्षी आमच्यातल्या टायपिस्टनं उशी आणली होती, आणि मामा ती उशी बघून वाटभर हसत होते.

जागा मात्र अशी की फायली विसरून जाव्यात. कड्यावरून पाणी डोहात पडायचं, डोहातून ओहोळ निघायचा. ओहोळाच्या मधोमध जात्याएवढा सपाट दगड होता. पायवाट त्या दगडावरून पलीकडं जाऊन धबधब्याच्या कडेनं वर चढायची. वर एक पाडा होता. आम्ही सकाळी हौसेनं पाडा बघायला वर जायचो. मामा ओहोळाच्या अलीकडं रेघ ओढायचे. "इथवरच. तुम्ही या जाऊन." रानात चित्त्यासारखा चालणारा हा माणूस तेवढ्या चढाला का कंटाळतो, ते आम्हांला कळेना.

त्याहून न कळणारी गोष्ट ताटलीची. आम्ही सहा जण, पण मामा स्वयंपाक सात जणांचा करायचे. नागलीच्या भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. भाकरी म्हणजे कौलंच, इतक्या जाड. दिवस मावळायला आला की एका जर्मनच्या ताटलीत सातवं जेवण वाढायचे, वर पळसाची पानं झाकायचे आणि ती ओहोळातल्या दगडावर ठेवून परत यायचे. टायपिस्ट म्हणाला, रानातल्या देवाचा नैवेद्य असेल. मी म्हणालो, कुत्रं खात असेल. पण सकाळी ताटली राखेनं लख्ख घासून दगडावर पालथी घातलेली असायची. ताटली घासणारं कुत्रं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, आणि देवाबद्दलही कधी असं ऐकलं नव्हतं. मामांना विचारलं तर ते म्हणायचे, "धुऊन आली ना? मग झालं."

अशी पाच वर्षं गेली. तुम्ही म्हणाल, पाच वर्षांत पाच शिकलेल्या माणसांना कळू नये? नाही कळलं. खरं सांगायचं तर आम्ही मजेत होतो, आणि मजेत असलेला माणूस फार विचारत नाही.

सहाव्या वर्षी सकाळी उठलो तर मामा ओहोळाच्या काठावर उभे होते. दगडावर ताटली जशीच्या तशी. पानंसुद्धा हललेली नव्हती, वरणावर मुंग्या चढल्या होत्या. मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "भाऊसाहेब, वर जाऊन बघून याल? चिंचेखालचं घर. माझा बा हाय."

मग तिथंच, घाईघाईत, सगळं सांगितलं. वरचा पाडा त्यांचाच. आई गेली तेव्हा ते नांदगावकडं मोजणीवर होते. निरोप फिरत फिरत चौथ्या दिवशी मिळाला. घरी पोचून ते बापाला म्हणाले, "निरोप उशिरा मिळाला." बाप म्हणाला, "ओहोळाच्या पलीकडंच राहा. माझ्या शिवंत पाय घालू नको." मामा हद्द पाळणारा माणूस. त्यांनी ती पाळली. पाड्यावरची माणसं बाजाराला याच वाटेनं उतरतात, त्यामुळं आम्ही आल्याचं वर कळायचंच. मधला दगड कुणाच्याच शिवेत नव्हता. म्हातारा अंधारातच उतरून तिथवर यायचा, खायचा, ताटली घासून ठेवायचा. सहा वर्षांत बापलेकांत एक शब्द झाला नव्हता.

मी धापा टाकत वर गेलो. म्हातारा ओसरीत पडला होता. पाय मडक्यासारखा सुजलेला, त्यावर पाला बांधलेला. पाय घसरला होता, बाकी ठीक होता. मी म्हणालो, मामा खाली आहेत, काळजीत आहेत. म्हाताऱ्यानं पायावरचा पाला नीट केला. मग विचारलं, "भाकर अजून जाडच करतो का?"

मी हो म्हणालो.

"त्याच्या आईनं लय शिकवलं. नाय जमलं त्याला." एवढं बोलून त्यानं कूस बदलली.

याला बोलावणं म्हणायचं की नाही? उतरताना मी सारखा तोच विचार करत होतो. शेवटी खाली येऊन सरळ खोटं बोललो, "बोलावलंय तुम्हांला."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "माझा बा असं बोलायचा नाही. काय म्हणाला तेवढंच सांगा."

मी भाकरीचं सांगितलं. मामा काठावर बसले. पुन्हा विचारलं, "जाड म्हणाला?" मी मान हलवली. त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि ओहोळ ओलांडला. आम्ही पाचही जण उगाचच उभे राहिलो होतो. मला रडू आलं, आणि टायपिस्ट धुरामुळं डोळे पुसतोय असं सांगत होता, चूल विझलेली असताना.

पुढं मामांनी सुरगाण्याला बदली मागून घेतली. एकदा नाशिकला आले तेव्हा मी विचारलं, वडील शेवटी 'ये' म्हणाले का? "नाही," मामा म्हणाले, "पण जा पण म्हणत नाहीत." आणि हसले. त्या हसण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. निदान मला तसं वाटलं.

मग आमचे गुडघे, बदल्या, पोरांची बारावी. धबधबा राहूनच गेला. माझी बदली चांदवडला झाली. मामा काविळीनं गेल्याचं पत्र नाशिकच्या कचेरीत आलं, तिथं टेबलावर पडून राहिलं आणि मला दीड महिन्यानं मिळालं. दहावं, तेरावं सगळं होऊन गेलं होतं.

पाऊस सरल्यावर मी एकटाच गेलो. ओहोळापाशी पोचलो आणि पाय पुढं जाईना. कुठल्या तोंडानं वर जाणार? मग दुसरं काही सुचेना म्हणून तीन दगड मांडले, नागलीच्या भाकरी थापल्या. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेरून करपल्या, आतून कच्च्या. घरून आणलेल्या ताटलीत वाढून, पळसाच्या पानांनी झाकून दगडावर ठेवल्या आणि कपारीत जाऊन पडलो.

सकाळी ताटली राखेनं घासून पालथी घातलेली होती. आणि पलीकडच्या काठावर, काठी मांडीवर घेऊन, म्हातारा बसला होता. केवढासा झाला होता.

"भाकर कच्ची होती," तो म्हणाला. मग जरा थांबून, "जाडबी."

मला बोलायचं बरंच होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "बाबा, निरोप उशिरा मिळाला."

  म्हातारा काठी टेकत उठला.

"मिळतो उशिरा," तो म्हणाला. "ये. वर ये."

मी बूट काढून हातात घेतले. मधल्या दगडापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. तो हे मला म्हणाला होता की मामांना, ते मला आजही कळलेलं नाही. पलीकडं म्हातारा हात पुढं करून उभा होता.